बाणाचे टोक

काशीस बदली झालेल्या कारकुनास नातलगांची वाण कधी पडत नाही. यापूर्वी आम्ही दोन ठिकाणी नोकरी केली. तेथे आमची विचारपूस करावयास कोणी फिरकले नाही. वाराणसीचा हुकूम हाती पडला मात्र, आणि दूरदूरच्या आप्तांना आमची आठवण होऊ लागली. प्रत्येकाचे काशीस काही ना काही कार्य राहून गेलेले असतेच!

गेल्या श्रावणात आमचे आतेबंधू पेनसिल्व्हेनियाहून आले, ते आत्याच्या अस्थी घेऊन. ते आमच्याहून पंधरा वर्षांनी वडील. आम्ही त्यांना दादा म्हणतो. ब्रह्मघाटाजवळच्या एका मराठी उपाध्यायांच्या हातून सारे विधी यथासांग पार पडले. त्यानंतरच्या रात्री वीज गेली म्हणून आम्ही दोघे गच्चीवर बसलो असता दादांनी अचानक विचारले, "तू संस्कृत घेऊन बी. ए. झालास ना? मग बाणाचे कोणते टोक चांगले, ते सांग पाहू."

आम्ही चकित झालो. दादा तिकडे शरद ऋतूत धनुष्यबाणाने हरणाची शिकार करतात, हे आम्हांस तोवर ठाऊक नव्हते. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर असे कोणी करील तर त्यास तुरुंगाची वाट धरावी लागेल. तिकडे परवाना घेऊन ठरलेल्या हंगामात ते रीतसर करता येते. दादांनी भ्रमणध्वनीवर दोन चित्रे दाखविली. एका टोकाची पाती पक्की जडविलेली होती. दुसऱ्याची पाती मिटत्या चाकूसारखी अंगाशी लपलेली. बाण लक्ष्यास भिडला की ती फटकन उघडतात.

"बाण गोळीसारखा धक्क्याने मारीत नाही," दादा सांगू लागले. "तो रक्त वाहवून मारतो. म्हणून पाते रुंद हवे आणि ते खोलही जावयास हवे. जडलेल्या पात्यात मोडण्यासारखे, अडकण्यासारखे काही नसते. पण ते वारा धरते. धनुष्य नीट जुळविलेले नसेल, तर बाण भरकटतो. मिटते पाते सरावाच्या साध्या टोकासारखे सरळ जाते आणि उघडले की जखम मोठी करते. मात्र उघडण्यातच त्याचा काही जोर खर्ची पडतो. तिरपा लागला, हाडावर लागला, तर भरवसा नाही."

पदवीची लाज राखणे भाग होते. आम्ही त्यांस मनुस्मृतीचा सातवा अध्याय ऐकविला. युद्धात कूट आयुधांनी, उलट्या काट्यांच्या बाणांनी, विषारी अथवा तापविलेल्या बाणांनी शत्रूस मारू नये, असे तेथे सांगितले आहे. कूट आयुध म्हणजे काय? टीकाकार कुल्लूकभट्ट म्हणतात, बाहेरून लाकडाचे आणि आत धारदार शस्त्र लपविलेले. हे कुल्लूक मूळचे गौड देशाचे. पण टीका त्यांनी याच काशीत, गंगातीरी बसून लिहिली.

दादा हसले. "म्हणजे माझे मिटते पाते कूट ठरले म्हणायचे!"

नियम रणांगणावरच्या शत्रूसाठी होता, हरणासाठी नव्हे, हे आम्ही प्रामाणिकपणे कबूल केले. हरणासाठी कोणी असा नियम केल्याचे आमच्या वाचनात नव्हते. विषय तेथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दादांना सारनाथास नेले. स्तूप पाहून झाल्यावर तेथल्या हरणांच्या कुंपणापाशी उभे राहिलो. पलीकडे चितळे चरत होती. आम्ही सहज न्यग्रोधमृग जातकाची कथा काढली. काशीच्या राजास रोज हरणाचे मांस लागे. उद्यानात कोंडलेली हरणे धनुष्य दिसताच जीव घेऊन पळत, दोनदोन तीनतीन जखमा घेऊन लपत आणि तळमळून मरत. तेव्हा हरणांनीच आपसांत ठरविले, की रोज एकाने पाळीने वधस्थानी जाऊन मान ठेवावी. म्हणजे बाकीच्यांना जखमा तरी होणार नाहीत. पुढे एका गाभण हरिणीची पाळी आली, तिच्याऐवजी न्यग्रोध स्वतः जाऊन पडला आणि राजाने सर्वच प्राण्यांना अभय दिले. अभयदानाचा शेवट सर्वांना ठाऊक असतो. जखमांचा आरंभ मात्र विसरला जातो.

दादा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "गेल्या वर्षी माझ्या हातून एक हरिणी जखमी होऊन गेली. मिटते पाते होते. चाळीस वारांवरून सोडला, तिने अंग वळविले, तिरपा लागला. अर्धा तास थांबलो, मग माग काढला. ओढ्यापर्यंत रक्ताचे थेंब होते. पुढे काही नाही. दुसऱ्या दिवशीही हिंडलो. घरी कोणाला सांगितले नाही. आईलाही नाही. वर्षभर पात्यालाच दोष देत आलो. पण चाळीस वार हे अंतर माझे नव्हते."

आम्ही काय बोलणार? आमच्या हाताने डासाहून मोठा जीव कधी मारला नाही, असा आमचा समज होता. परंतु परतताना रिक्षात आम्हांस एक प्रकरण आठवले. सात महिन्यांपूर्वी एका विधवेचा कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज आमच्या मेजावर आला होता. दोन दाखल्यांत तिच्या नावात एका अक्षराचा फरक होता. आम्ही एका ओळीचा शेरा मारून तो परत धाडला. शेरा नियमास धरून होता. त्यात चूक काढण्याची कोणाची छाती नव्हती. काय जोडले म्हणजे भागेल, हे मात्र आम्ही लिहिले नव्हते. तिचे पुढे काय झाले, हे आम्ही एकदाही विचारले नाही. दादा निदान ओढ्यापर्यंत गेले होते.

सोमवारी आम्ही बारनिशी चाळली. अर्ज परत आलेला नव्हता. कोणते प्रतिज्ञापत्र हवे, ते कोणापुढे करावे, हे सोप्या हिंदीत लिहून वरिष्ठांच्या सहीने पत्र पाठविले.

कार्तिकात दादांचा निरोप आला. त्यांनी जडलेल्या पात्यांची टोके घेतली आहेत आणि वीस वारांपलीकडे बाण सोडावयाचा नाही, असे ठरविले आहे. तीन वेळा रानात जाऊन ते तसेच परत आले.

बाईंचे उत्तर अद्याप आलेले नाही. आम्ही डायरीत पुढची तारीख घालून ठेविली आहे.