काम तठे, घर आठे

ज्या घरातलं कुणी सुरतेला नाही, असं घर खान्देशात शोधावंच लागेल. चुलतभाऊ, मावसभाऊ, आतेबहिणीचा दीर, कुणी ना कुणी लिंबायत, उधना, डिंडोली नाहीतर पांडेसऱ्याला असतोच. लग्नसराईत तो गावी येतो आणि वरण-बट्टीच्या पंगतीत तुलना सुरू होते. तिकडे रस्ते असे, तिकडे कचेरीत काम असं होतं, "तठे लाईट जास नही, भो!" ऐकणारा एखादा तात्या बट्टी कुस्करता कुस्करता निकाल देऊन टाकतो: गुजराती माणूस धंद्याचा, आपला माणूस वादाचा. विषय संपतो आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी पुन्हा फिरते.

माझा आक्षेप या निकालालाच आहे. सुरतेचं कौतुक खोटं नाही. रस्ते खरोखर बरे आहेत. पण ज्याच्या तोंडून हे कौतुक येतं, तो आमच्याच शिंदखेड्याचा, पारोळ्याचा, चोपड्याचा माणूस असतो. सुरतेत तो वीस वर्षं पाळीवर वेळेत हजर होतो, हप्ते वेळेवर भरतो, दुकान टाकतो, मुलाला इंजिनिअर करतो. गावी आला की तोच रस्त्यात मांडव घालतो आणि ग्रामपंचायतीची पाणीपट्टी थकवतो. नंदुरबार ओलांडताना त्याचा स्वभाव बदलतो असं मानायचं असेल, तर स्वभाव फारच हलकी वस्तू म्हणावी लागेल.

बरं, हा खेळ राज्यांपुरताही नाही. मी धुळ्याचा, आजोळ जळगावचं. धुळ्याच्या घरी ऐकलं की जळगावचे लोक पैशाचे. आजोळी ऐकलं की धुळ्याचे लोक तापट, सदा पुढारपणात. दोन गावांत नव्वदेक किलोमीटरचं अंतर आणि १९०६ पर्यंत दोन्हींचा जिल्हा एक. त्या साली इंग्रजांनी कारभाराच्या सोयीसाठी खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले. कलेक्टर वेगळा झाला, आणि पुढे स्वभावही वेगळे सांगितले जाऊ लागले.

राज्याची सीमा तर त्याहून अलीकडची. १ मे १९६० ला द्विभाषिक मुंबई राज्य फुटलं तेव्हा पश्चिम खान्देशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या तालुक्यांमधली कितीतरी गावं तोडून सुरत जिल्ह्याला जोडली. आजचे उच्छल, निझर हे गुजरातचे तालुके त्यांतूनच झाले. तिथल्या आदिवासी घरांत अलीकडचा गावित तो पलीकडचा गामित. सोयरीक अजून होते. ज्यांचे आजे खान्देशात जन्मले, ते कागदाने गुजराती झाले. तात्यांच्या हिशेबाने ते एका रात्रीत धंद्याचे व्हायला हवे होते. त्यांतले अनेक आजही मजुरीसाठी बाहेर पडतात, आमच्या बाजूचे पडतात तसेच.

नवापूर रेल्वे स्टेशन ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी मुद्दाम उतरावं. सीमा फलाटावरून जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत. एक बाकडं तर नेमकं रेषेवर आहे. त्यावर मधोमध रेघ मारून एकीकडे महाराष्ट्र आणि दुसरीकडे गुजरात लिहिलेलं. फोटो काढायला लोक अर्धे इकडे, अर्धे तिकडे बसतात. हसण्यावारी नेण्यासारखी गंमत आहे, पण एका टोकाला बसून खिशात बाटली ठेवली तर एक कायदा आणि हातभर सरकलं की दुसरा. गुजरातेत राज्य झाल्यापासून दारूबंदी आहे. शनिवारी संध्याकाळी सीमेच्या अलीकडच्या दुकानांसमोर पलीकडच्या पासिंगच्या गाड्या उभ्या असतात. गुजराती माणूस निर्व्यसनी, हे वाक्यही पंगतीत ऐकायला मिळतं. ते बोलणाऱ्याने त्या गाड्या मोजाव्यात.

'व्हाय नेशन्स फेल' हे गाजलेलं पुस्तक अमेरिका आणि मेक्सिकोच्या सीमेवरच्या नोगालेस गावापासून सुरू होतं. एकच गाव, मधे कुंपण. एका बाजूला पगार, शाळा, दवाखाने बरे, दुसऱ्या बाजूला वाईट. लेखकांचं म्हणणं असं की फरक माणसांत नाही, व्यवस्थेत आहे. आमच्याकडे तर कुंपणही नाही. माणूस सकाळी एका व्यवस्थेत उठून संध्याकाळी दुसरीत झोपू शकतो. शेजारी देशांच्या स्वभावावर पुस्तकं लिहिणाऱ्यांना एवढी सोपी कसोटी मिळत नाही.

आणि सुरत तरी कायमची अशी कुठे होती? सप्टेंबर १९९४ आठवा. प्लेग आला, पन्नासेक माणसं गेली आणि लाखो लोक मिळेल त्या गाडीने पळाले. ताप्ती लाइनच्या गाड्या टपावर माणसं घेऊन नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत आल्या. आमच्या गल्लीत सुरतेहून आलेल्या कुटुंबाच्या दारात लोक लांबूनच बोलत. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या औषधाच्या दुकानांत मिळेनाशा झाल्या. तेव्हा सुरतेचं वर्णन एकच होतं: घाणेरडं गाव, पैशामागे लागलेली माणसं, त्यांना स्वच्छतेचं काय. म्हणजे त्या वर्षी गुजराती स्वभाव घाणेरडा होता.

१९९५ मध्ये एस. आर. राव तिथे महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहराचे सहा झोन केले आणि झोनच्या अधिकाऱ्याला खर्चाचे व निर्णयाचे अधिकार दिले. मग सगळ्या अधिकाऱ्यांना रोज सकाळी वातानुकूलित खोलीतून उठवून गटारीवर, कचराकुंडीवर, झोपडपट्टीत उभं केलं. दुपारपर्यंत फिरायचं, मगच टेबल. बड्यांची बेकायदा बांधकामंही पाडली. गरिबाची टपरी आधी पाडायची हा नेहमीचा क्रम उलटा केला. दीडेक वर्षात, १९९६ साली, इन्टॅक या संस्थेने सुरतेला देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं स्वच्छ शहर ठरवलं. माणसं तीच होती. पळून गेलेले खान्देशी, ओडिया, उत्तर भारतीय कामगारही परत येऊन तिथेच राहत होते. गंमत अशी की ज्या गुजराती स्वभावाचं कौतुक त्यानंतर सुरू झालं, त्यामागे एक तेलुगू अधिकारी होता.

धंद्याच्या बाबतीतही तात्यांना अमळनेर दाखवायला हवं. १९४५ साली मोहम्मद हाशम प्रेमजी या गुजराती उद्योजकाने अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना काढला. आजची विप्रो तीच. त्या काळी कंपनीचे समभाग अमळनेरच्या शेतकऱ्यांनी, मास्तरांनी, दुकानदारांनी घेतले आणि पिढ्यान् पिढ्या विकले नाहीत. ते पुढे कोट्यधीश झाले. मराठी माणसाला शेअर कळत नाहीत म्हणतात. ज्या मराठी माणसाच्या दारात शेअर आला, त्याला कळला. हे तेच अमळनेर, जिथे साने गुरुजी शिकवत होते. एकाच गावात खादी आणि डालडा दोन्ही नांदले.

लाईटचा मुद्दा मात्र खरा आहे आणि झोंबणाराही. गुजरातने २००३ ते २००६ या काळात ज्योतिग्राम योजनेत शेतीचे फीडर वेगळे केले आणि गावठाणाला चोवीस तास वीज दिली. त्याच सुमारास आमच्याकडे भारनियमनाने लोक हैराण होते. परीक्षेच्या रात्री पोरं कंदील घेऊन बसायची आणि रावेर-यावलच्या केळीवाल्याला पाणी द्यायला रात्री बाराची लाईट. साप-विंचवाच्या अंधारात, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडं, गुडघाभर चिखल. आणि तासाभराने डीपी जळाल्याचा निरोप. हे मी पाहिलंय. तरी एक तपशील सुरतेचा पाहुणा सांगत नाही, कारण तो शेती करत नाही: गुजरातच्या शेतकऱ्यालाही तेव्हा आठच तास वीज होती, आणि दिवसा वीज देण्याची किसान सूर्योदय योजना तिथल्या सरकारला २०२० मध्ये आणावी लागली. पैसा मात्र स्वभाव पाहत नाही. महाराष्ट्राच्या वस्त्रोद्योग धोरणात वीज स्वस्त पडली तेव्हा सुरतेच्या कापडवाल्यांनी नवापूरच्या एमआयडीसीत माग टाकले.

आता उलटी बाजू. २०२० च्या सरकारी नमुना नोंदणीप्रमाणे हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळं महाराष्ट्रात १६, गुजरातेत २३, मध्य प्रदेशात ४३. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची खुरटलेली मुलं गुजरातेत ३९ टक्के, महाराष्ट्रात ३५. पंगतीत हे कुणी बोलत नाही. रस्ता दिसतो, न मेलेलं बाळ दिसत नाही. पण यावरून महाराष्ट्र मायाळू असा निष्कर्ष काढायला मी तयार नाही. त्या १६ मध्ये मुंबई-पुणे मिसळलेलं आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात आजही बाळंतिणीला झोळीत घालून उतरवतात, आणि ती महाराष्ट्रातच उतरवतात.

तापीचंही असंच. तिचं खोरं ६५ हजार चौरस किलोमीटरचं; त्यातलं जवळजवळ ८० टक्के महाराष्ट्रात, गुजरातेत सहा टक्के. पण गुजरातचं उकाई धरण १९७२ मध्ये पुरं झालं आणि अमळनेर तालुक्यातलं आमचं पाडळसे मंजुरीनंतर पंचवीस वर्षं रखडलं. "आपल्या लोकांना पाण्याची कदर नाही," असं म्हणून आपण मोकळे होतो. कदर नसायला पाणी हातात यावं लागतं. निधी कुणी अडवला, सुधारित मान्यता किती वर्षं कुठल्या टेबलावर पडून होती, तेव्हा आमदार-खासदार कोण होते, हे प्रश्न अवघड जातात, आणि त्यांची उत्तरं पंगतीत बसलेल्यांपैकीच कुणाच्या तरी नातेवाइकापर्यंत पोचतात. स्वभावाला दोष दिला की कुणाचंच नाव घ्यावं लागत नाही. तात्यांचा निकाल इतका लोकप्रिय का, याचं मला सापडलेलं कारण हेच.

जळगाव आणि धुळे, दोन्ही महापालिका २००३ च्या. जळगावात पालिकेची सतरा मजली इमारत त्याआधीपासूनच उभी आहे. एवढं उंच कार्यालय आसपास कुठल्या गावाला नसेल. उणीव आहे ती सकाळी सातला गटारीवर उभ्या राहणाऱ्या अधिकाऱ्याची. इथे मागणी काय करायची तेही स्पष्ट आहे, कारण सुरतेने काय केलं ते लपलेलं नाही.

दुसरा शेजारी, मध्य प्रदेशही, आता जवळ येतोय. मनमाड-इंदूर रेल्वेमार्ग, धुळेकरांनी पिढ्यान् पिढ्या मागितलेला, केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केला: ३०९ किलोमीटर, १८ हजार ३६ कोटी. गाडी सुरू होईल तेव्हा सगळे इंदूरला जातील, रात्री सराफ्यात खातील आणि माळव्याची माणसं मुळात टापटिपीची असं येऊन सांगतील. जाणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: रात्री खा, पण सकाळी लवकर उठून तिथल्या गल्लीत उभे राहा. घरासमोर कचऱ्याची गाडी किती वाजता येते, कचरा सहा प्रकारांत वेगळा कसा घेतात, नाही दिला तर दंड कोण करतो, त्या माणसाला पगार कोण देतं, ते विचारा आणि लिहून आणा. परत आल्यावर तो कागद तात्यांना दाखवू नका, आपल्या नगरसेवकाला द्या.