परतीची गाडी

हॉटन, मिशिगन
ऑक्टोबरचा दुसरा रविवार

प्रिय चिमणे,


परवा फोनवर तू फोर-व्हीलर घेणार म्हणालीस आणि वहिनीने लगेच विचारलं, "अगं, एक मोटार आहे ना दारात?" तिला एकदा फोटो पाठव. हँडल धरून, घोड्यावर बसल्यासारखं बसायचं हे फुगीर टायरांचं वाहन बघितलं की तिच्या जिवाला घोर लागेल, पण निदान कशाचा घोर ते तरी कळेल.

तुझी यादी दोनदा वाचली. पाच गाड्या, प्रत्येकीपुढे अश्वशक्ती. वजन एकीपुढेही लिहिलेलं नाही. म्हणून हे पत्र.

रानात जायला कुठलीही गाडी जाते. आपल्याला ती परत येण्यासाठी हवी असते. 15 नोव्हेंबरला बंदुकीचा हंगाम सुरू होतो, साडेपाचच्या आत सूर्य मावळतो, त्यात बर्फ भुरभुरतोय, मागं हरीण बांधलेलं आहे आणि तू एकटी आहेस. तेव्हा तुला घरी आणील ती गाडी चांगली.

सतरा वर्षांपूर्वी मी अशीच ताकदीवर भाळून मोठ्या इंजिनाची गाडी घेतली होती. तिची रचना तुझ्या पुण्यातल्या ॲक्टिव्हासारखीच: गिअर नाहीत, दोन पुल्या आणि त्यांवर फिरणारा रबरी पट्टा. बीव्हरांनी बांध घातला होता, ओढ्याला माझ्या अंदाजापेक्षा जास्त पाणी होतं. पाणी पट्ट्याच्या डब्यात शिरलं, पट्टा घसरायला लागला. तिथंच थांबून, पाणी काढून, पट्टा सुकू द्यायला हवा होता. मी ॲक्सिलरेटर दाबत राहिलो. जळक्या रबराचा वास आला आणि गाडी मेली. सीडरच्या दलदलीतून, काळोखात, चार मैल चालत रस्त्याला लागलो तेव्हा मला शोधायला माणसं निघाली होती. काकूचा त्या रात्रीचा चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून माझं मत होंडाच्या रँचरला. 420 सीसीचं इंजिन, पट्टा नाही. मोटरसायकलसारखे गिअर, पायाने किंवा बटणाने बदलायचे, क्लच आपोआप चालतो. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की गिअरच गाडी धरून ठेवतो. फोर-व्हील ड्राइव्हचीच घे. वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास, म्हणजे तीही हलकी नाहीच. पण कलंडली तर विंच आणि एखादं झाड एवढ्यावर तू तिला सरळ करू शकशील. तुझ्या यादीतल्या हजार सीसीवाल्या गाडीशी ती झुंज तू एकटीने घ्यावीस असं मला वाटत नाही. पट्ट्याचीच हवी असेल तर यामाहाची कोडियाक 450 बघ. तिच्यातही उतारावर इंजिन गाडीला आवरतं. पोलारिसची स्पोर्ट्समन बसायला सगळ्यांत मऊ. पण कुठलीही घे, तिचा मेकॅनिक आपल्या पंचक्रोशीत असला पाहिजे.

मागच्या ॲक्सलचं तू विचारलं होतंस. दोन्ही चाकं स्वतंत्र वरखाली होणारी गाडी मुळं-दगडांवरून अलगद जाते आणि पोटाखाली जागाही जास्त मिळते. बिल निकोल्स ट्रेलवर फिरायला स्वतंत्र चाकांची किंवा अखंड ॲक्सलची, दोन्ही चालतील; तो जुन्या कॉपर रेंज रेल्वेचाच मार्ग, सपाट आणि सरळ. पण शिकारीला मी अखंड ॲक्सल निवडतो. आडव्या उतारावर ओझं असताना ती गाडी कमी झुकते. ओझ्याचं म्हणशील तर उसाची ट्रॉली ओढताना चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं कशी उचलतात ते तू लहानपणी कारखान्याच्या रस्त्यावर पाहिलंयस. मागच्या रॅकवर हरीण बांधलं की इथंही तेच होतं. लो गिअर टाक, अंग पुढं झुकव, आणि चढ फार उभा असेल तर लांबचा रस्ता धर.

कुणी जुनी तीनचाकी स्वस्तात देऊ केली तर तिला हात लावू नकोस. 1988 साली त्यांची विक्री बंद झाली ती उगाच नाही. त्या सहज उलटत.

नियम तू शिकारीच्या वर्गात शिकलीच आहेस, तरी एक सांगतो. 15 ते 30 नोव्हेंबर या काळात, शिकारीला खुल्या असलेल्या रानात सकाळी 7 ते 11 आणि दुपारी 2 ते 5 गाडी फिरवायची नाही. मारलेलं हरीण आणणं अशा मोजक्या कामांना सूट आहे, तीही जवळच्या वाटेने आणि अगदी हळू. मला हा नियम मनापासून पटतो. बंदूक रिकामी करून पेटीत ठेवायची, गाडी लांब उभी करायची, पुढं पायी जायचं. ज्याला चालायचंच नाही त्याने शिकारीला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

टायरमधली हवा पेट्रोल पंपावरच्या मीटरने मोजू नकोस. यांना चार-पाच पौंडच हवा लागते, तेवढं त्या मीटरवर नीट कळतच नाही; कमी दाबाचं वेगळं मीटर घे. नव्या बहुतेक गाड्यांना दोरी ओढून सुरू करायची सोय नसते आणि थंडीत बॅटरी दगा देते, म्हणून छोटा जंप स्टार्टर कोटाच्या आतल्या खिशात ठेव, अंगाच्या उबेला.

जी जुनी गाडी बघायला शनिवारी जाऊ म्हणालीस, ती मला आवडली. विकणाऱ्याला आजच कळव की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गार इंजिन कसं उठतं ते मला ऐकायचंय. तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी शिरलेलं असतं. तिथूनच परत फिरू. एअर फिल्टरचं झाकण तू स्वतः उघड, चिखल किंवा उंदराचं घरटं सापडतं का बघ. चाकं मी हलवून बघीन, ॲक्सलची रबरी बुटं फाटलीत का तेही. टायटल त्याच्याच नावावर आहे ना, ते आधी विचार.

सकाळी सातला येतो. जुने कपडे घाल, गाडीखाली झोपावं लागेल.

तुझा,
काका