अडीच बारच्या पलीकडे

गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, मित्र चालवतोय, लॅपटॉप माझ्या मांडीवर. बूस्ट गेजचा काटा २२, २३, २४ पीएसआय असा चढत गेला. लॉगमध्ये मात्र मॅप सेन्सरचे आकडे २४७, २५०, २५०, २५०. आलेख घाटासारखा चढला आणि वर पोचल्यावर पठारासारखा सपाट. मित्र खूश: "बूस्ट कसला स्थिर धरलाय बघ!" मी म्हटलं, "आधी पाय काढ."

*

मॅप सेन्सर इनटेक मॅनिफोल्डमधला दाब व्होल्टमध्ये सांगतो. अडीच बारच्या एका नेहमीच्या सेन्सरचा पट्टा २० ते २५० किलोपास्कल. खाली ०.२ व्होल्ट, वर ४.९. त्यापुढे दाब कितीही वाढो, व्होल्ट जवळपास तिथेच. इंजिनच्या संगणकाच्या, म्हणजे ईसीयूच्या लेखी मग तो जास्तीचा दाब नाहीच.

*

हिशेब मांडून पाहावा. खरा दाब २७५, ईसीयूला दिसतात २५०. हवा दहा टक्के जास्त आली, पेट्रोल मात्र २५०च्या मापाने. साडेअकराला एक ठेवलेलं मिश्रण साडेबाराच्या पुढे गेलं. ठिणगीच्या टायमिंगच्या तक्त्यातही ईसीयू २५०च्याच ओळीवर. समजा तिथे ठिणगी १४ अंश आधी आहे आणि २७५ला ११ हवे होते. मिश्रण कोरडं आणि ठिणगी लवकर, दोन्ही चुका पिस्टनच्याच मुळावर.

*

ठिणगी आधी का टाकायची? पेट्रोल क्षणात जळत नाही, ज्योत पसरायला वेळ लागतो. सर्वाधिक दाब पिस्टन वरून खाली निघाल्यावर साधारण पंधरा अंशांवर यावा, म्हणून सुरुवात वर पोचण्याआधीच. टर्बोने हवा दाबून भरली की ज्योत लवकर पसरते, शिवाय कोपऱ्यात उरलेलं मिश्रण तापून आपणहून पेटू पाहतं, तोच नॉक. म्हणून बूस्ट वाढला की टायमिंग मागे घ्यायचं, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा टाकायची. दर पीएसआयला सुमारे एक अंश हा जुना ठोकताळा. सुरुवातीपुरता बरा, त्यावर इंजिन सोडू नये.

*

६००० आरपीएमला क्रँक एक अंश फिरायला लागतात सुमारे २८ मायक्रोसेकंद. तीन अंशांची चूक म्हणजे ८४. एवढ्यावर पिस्टनचं भवितव्य.

*

टायमिंग फार मागे घेणंही फुकट नाही. जळण उशिरा होतं, उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते, टर्बाइन लालबुंद. रॅलीतल्या अँटी-लॅगमध्ये हेच मुद्दाम करतात: पाय उचलला तरी टर्बो फिरता राहावा म्हणून.

*

नॉकचा आवाज पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. ८६ मिलिमीटर बोअरच्या सिलिंडरमध्ये तो साधारण साडेसहा किलोहर्ट्झला घुमतो आणि ब्लॉकवर बोल्टने आवळलेला नॉक सेन्सर तोच सूर ऐकत बसतो. पण तो ऐकतो ठोका पडल्यावर. त्याच्या भरवशावर बूस्ट वाढवू नये.

*

नॉकच्या भीतीवर प्रत्येकाचा इलाज वेगळा. १९६२च्या ओल्ड्समोबिल जेटफायरला पेट्रोलच्या टाकीशिवाय पाणी-मिथेनॉलचीही टाकी होती. १९७३च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोने कॉम्प्रेशन ६.९पर्यंत उतरवलं. १९७८मध्ये ब्यूइकच्या टर्बो व्ही-६ने नॉक ऐकून टायमिंग मागे घेतलं. साबच्या एपीसी यंत्रणेने १९८२च्या मॉडेलांत नॉक ऐकून थेट बूस्टच कमी केला.

*

१९९१ची जीएमसी सायक्लोन. पिकअप, पण धावायला स्पोर्ट्स कार. कारखान्यातून आली दोन बारच्या मॅप सेन्सरसह, म्हणजे समुद्रसपाटीला बूस्ट जेमतेम १५ पीएसआयपर्यंत दिसणार. त्यापुढे जायचं तर तीन बारचा सेन्सर आणि त्याला साजेसे तक्ते, असाच सायक्लोनच्या हौशी लोकांचा शिरस्ता.

*

काही कारखाने सेन्सरचा पट्टा संपण्याआधीच पेट्रोल तोडतात. जोरात जाणारी गाडी अचानक अडखळते. त्यावर बाजारात 'फ्युएल कट डिफेंडर' आला: सेन्सरचा व्होल्ट ठरावीक आकड्यावर दाबून धरणारी डबी. गाडी अडखळायची थांबते. राखणदाराच्या डोळ्यांवर पट्टी बांधली की तोही ओरडायचा थांबतो.

*

आमच्या गाडीची गंमत. गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतं, सेन्सर एकूण दाब मोजतो. पुण्यात हवेचा दाब सुमारे ९५ किलोपास्कल, पनवेलला १०१. बूस्टला लगाम घालणाऱ्या वेस्टगेटची स्प्रिंगही वातावरणाशीच तोलते, त्यामुळे गेजवर २२ पीएसआय दोन्हीकडे तेच. पण पुण्यात एकूण २४७, पनवेलला २५३. घरी सेन्सरच्या पट्ट्यात बसणारी गाडी बोरघाट उतरली की पट्ट्याबाहेर, आणि गेजचा काटा जागचा हललेलाही नाही.

*

मोठा सेन्सर बसवून जुनाच स्केल ठेवणं सगळ्यात वाईट. तेवढ्याच दाबाला तीन बारचा सेन्सर कमी व्होल्ट देतो. ईसीयू बूस्ट कमी समजून पेट्रोल घटवतो, ठिणगी लवकर टाकतो.

तपासायला पैसा लागत नाही. चावी ऑन, इंजिन बंद, मॅपचा आकडा वाचा. पुण्यात ९५च्या आसपास, मुंबईत १०१. साठ दिसत असेल तर स्टार्टर मारू नका. आधी स्केल दुरुस्त करा.