सेक्टर २२ मधली सहा महिन्यांची रजा

चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या बसस्थानकावर उतरलात की समोरचा मोठा रस्ता ओलांडा. झालं, तुम्ही सेक्टर २२ मध्ये पोचलात! मोबाइलची दुकानं, शास्त्री मार्केटमधले सूट आणि दुपट्टे, छोले-कुलच्यांचा वास, एकमेकांना खेटून उभी असलेली हॉटेलं. बहुतेक पर्यटक इथं खरेदी करतात आणि रॉक गार्डनकडे निघून जातात.

तुम्ही मात्र थोडं आत शिरा. गोंगाट एकदम कमी होतो. विटांची बुटकी घरं, भिंतींत हवेसाठी ठेवलेल्या जाळ्या, मध्ये झाडं, बागा, शाळा. अशाच एका गल्लीत वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत माझी मामेबहीण, आमची ताई, सध्या राहते. ती केमिकल इंजिनीअर आहे. कोकणातल्या कारखान्यात अकरा वर्षं नोकरी केल्यावर तिनं सहा महिन्यांची बिनपगारी रजा घेतली आणि प्रोसेस मॉडेलिंग शिकायला इथं आली. तिला शिकवणारे प्राध्यापक याच शहरातले, म्हणून हा एवढा प्रवास.

बासुंदीचं गणित

प्रोसेस मॉडेलिंग म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा ताईनं बासुंदीचं उदाहरण दिलं. घरी दोन लिटर दूध तुम्ही सहज आटवता. लग्नघरात दोनशे लिटर आटवायचं असेल तर नुसती कढई मोठी करून भागत नाही. भांड्याची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली, तर आत मावणारा माल आठपट होतो, पण भांड्याचा पृष्ठभाग चौपटच होतो. उष्णतेची ये-जा त्या पृष्ठभागातूनच व्हायची असते.

कारखान्यात हेच गणित जिवावर बेतू शकतं. काही रसायनं एकत्र आली की आपोआप तापतात. आठपट माल, आठपट उष्णता, आणि ती बाहेर काढायला जागा फक्त चौपट. प्रयोगशाळेतल्या बाटलीत जे गुण्यागोविंदानं नांदतं, ते मोठ्या टाकीत हाताबाहेर जाऊ शकतं. म्हणून टाकी उभारण्याआधी ती समीकरणांच्या रूपात संगणकावर उभारतात. किती माल आत गेला, किती बाहेर आला, किती उष्णता साठली, थंड पाणी बंद पडलं तर काय होईल, हे सगळं आधी तिथं तपासतात. चूक व्हायचीच असेल तर ती पडद्यावर व्हावी.

तेराचा पाढा

संध्याकाळी ताई मला फिरायला घेऊन गेली. हातात शहराचा नकाशा होता. ती म्हणाली, “बेरीज कर. एकाखाली एक असलेले सेक्टर घे.” ४ च्या खाली ९, बेरीज १३. ९ च्या खाली १७, बेरीज २६. १७ च्या खाली २२, बेरीज ३९. तेराचा पाढा! आणि गंमत म्हणजे मूळ आराखड्यात सेक्टर १३ नव्हताच.

मग आम्ही सेक्टर २२ च्या दुसऱ्या टोकाला, दक्षिण मार्गावर आलो. पलीकडे सेक्टर ३५. बेरीज ५७. पाढा तुटला.

कारण साधं आहे. पहिल्या टप्प्यात ३० सेक्टर आखले गेले आणि पुढचे आकडे दुसऱ्या टप्प्यात पडले. “मॉडेलचंही असंच असतं,” ताई म्हणाली. “ते कुठपर्यंत खरं आहे, ती हद्द माहीत नसेल तर बरोबर आलेली उत्तरंच तुम्हाला फसवतात.”

हे शहरही एक मॉडेलच आहे. १९५१ पासून ल कॉर्बुझिए यांच्या नेतृत्वाखाली त्याचा आराखडा आकाराला आला. एक सेक्टर साधारण ८०० मीटर बाय १२०० मीटर. शाळा, दुकानं, बाग सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. सेक्टर २२ सुरुवातीलाच वसलेल्या सेक्टरांपैकी एक. इथल्या आखणीत ब्रिटिश वास्तुविशारद जेन ड्र्यू यांचा मोठा वाटा होता, तर इथला किरण सिनेमा मॅक्सवेल फ्राय यांनी रेखाटला. त्यांच्या हाताखाली तरुण भारतीय मंडळी काम करता करता शिकत होती. त्या यादीत ए. आर. प्रभावळकर, जे. एस. देठे अशी नावं दिसली की आपली नजर थांबतेच!

हे शहर पाच लाख माणसांसाठी आखलं होतं. २०११ च्या जनगणनेत चंदीगडची लोकसंख्या साडेदहा लाखांवर गेली होती. सेक्टर २२ च्या बाजारात गाडी लावायला जागा शोधून बघा, हद्द ओलांडलेलं मॉडेल कसं असतं ते कळेल.

घरचा हिशेब

ताईची सात वर्षांची लेक चिपळूणला आजी-आजोबांकडे आहे. रोज रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल होतो. कधी लेक बोलते, कधी रुसून फोन आजीकडे देते. त्या दिवशी ताई जेवत नाही, नुसती वही उघडून बसते. पगार बंद, घराचा हप्ता चालू, यंदाची बढतीही गेली. “या वयात कसलं शिक्षण?” हे तर तिनं जवळच्या माणसांकडूनच ऐकलं.

मग आलीच कशाला? तिचं उत्तर सरळ होतं. तिच्या प्लांटमधल्या मोठ्या टाकीपाशी रात्रपाळीला चार माणसं उभी असतात. ती टाकी अशी का वागते, हे तिला अंदाजानं नाही, आकड्यांनी सांगता यायला हवं होतं.

तुम्हालाही जायचं असेल तर

तुम्ही केंद्र सरकारी नोकरीत असाल तर अभ्यास रजेची सोय आहे. त्यासाठी साधारण पाच वर्षांची सेवा लागते. एका वेळी सहसा १२ महिने आणि सगळ्या नोकरीत मिळून २४ महिने रजा मिळू शकते. परतल्यावर ठरावीक काळ नोकरी करण्याचा बाँडही द्यावा लागतो. खासगी नोकरीत सगळं कंपनीच्या धोरणावर असतं, म्हणून परतल्यावरचं पद आणि रजेतला विमा या दोन गोष्टी लेखी घ्या. ताईनं घेतल्या.

घर सोडणं जमणार नसेल तरी सुरुवात करता येते. या कामाची नावाजलेली सॉफ्टवेअर्स महाग असतात, पण डीडब्ल्यूसिम हे मोफत आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातून त्याचा प्रसार होतो आणि विद्यार्थी त्यावर खऱ्या प्रक्रियांचे आराखडे तयार करतात.

ताई जूनमध्ये परत जाईल. टाकीचं मॉडेल अजून पूर्ण झालेलं नाही. थंड पाणी बंद पडल्यावरची पहिली दहा मिनिटं नीट जुळत नाहीत, असं ती म्हणते. तुम्ही सेक्टर २२ ला गेलात आणि रात्री उशिरा एखाद्या वरच्या खिडकीत दिवा दिसला, तर समजा, कुणीतरी अजून ती दहा मिनिटं जुळवतंय.