शिफारशीचे मोल

संकेतस्थळाचा अनुक्रम शोधयंत्रात वर चढविण्याचा व्यवसाय ज्याने पत्करला, त्याला आपले निम्मे काम परक्यांच्या दारी जाऊन करावे लागते. कारण स्वतःच्या पानावर कितीही आत्मस्तुती करता आली, तरी त्या पानाची प्रतिष्ठा बव्हंशी इतरांनी त्याला दिलेल्या दुव्यांवरूनच ठरते. १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी ‘पेजरँक’ची जी पद्धत मांडली, तिचे मर्म असे की प्रत्येक दुवा ही एक शिफारस समजावी, शिफारस करणाऱ्याची पत जेवढी थोर तेवढे तिचे वजन अधिक मानावे, आणि तो जितक्यांना दुवे देईल तितक्यांत ते वजन विभागले जावे.

शिफारशीला मोल आले की तिचा बाजारही भरतो. दुव्यांची खरेदी-विक्री होऊ लागली, परस्परांनाच दाखले देणारी बनावट स्थळे उभी राहिली. त्यावर २००५ मध्ये ‘नोफॉलो’ ही खूण आली, जी लावलेला दुवा शिफारशीत धरू नये असा तिचा मूळ अर्थ, आणि एप्रिल २०१२ मध्ये गूगलने ‘पेंग्विन’ नावाचा फेरफार करून अशा कृत्रिम दुव्यांवर गदा आणली. समाजमाध्यमांवरील दुव्यांवर बहुधा हीच खूण असते. शिवाय ‘लाइक’ हा मुळात दुवाच नव्हे, त्यामुळे फेसबुकवर मिळालेल्या सहस्रावधी ‘लाइक’ शोधयंत्राच्या दफ्तरी शिफारस म्हणून रुजू होत नाहीत. तथापि त्या गर्दीत एखादा पत्रकार वा अभ्यासक असतो, मजकूर त्याच्या नजरेस पडतो, उपयोगी वाटल्यास आपल्या लेखात तो त्याचा दुवा देतो, आणि ती शिफारस मात्र खरी ठरते.

तरीही माझ्या अनुभवात सर्वांत दुर्लक्षित काम निराळेच आहे. संकेतस्थळाचे नूतनीकरण करताना पानांचे पत्ते सर्रास बदलले जातात, आणि वर्षानुवर्षे जमलेले दुवे ‘४०४’च्या रित्या पानावर येऊन थांबतात. वास्तविक जुना पत्ता नव्याकडे कायमचा वळविणारी ‘३०१’ची तजवीज वेळीच केली, तर ती संचित पत बव्हंशी शाबूत राहते. म्हणून नवे ग्राहक जेव्हा महिन्याला किती लिंका आणून द्याल असे विचारतात, तेव्हा मी त्यांच्याकडे आधी जुन्या पत्त्यांची यादी मागतो.