शिरेचें सोसणें

जन्मभूमीविषयीं बोलतांना आपण ‘जेथें नाळ पुरली तो गांव’ असें म्हणतों. माझी नाळ यवतमाळ जिल्ह्यांतील बाभुळगावीं पुरली आहे. पुरण्यापलीकडे नाळेचा कांहीं उपयोग असेल, असें कोणाच्या मनांत सहसा येत नाहीं. परंतु १९७३ सालीं न्यूयॉर्क येथें एरिक जॅफी व त्यांचे सहकारी यांनीं नाळेंतील शिरेच्या अस्तराच्या पेशी सोडवून त्या प्रयोगशाळेंतील बशींत वाढविल्या, आणि मनुष्याच्या शिरेला प्रश्न विचारण्याची सोय झाली.

हें अस्तर एकाच पेशीइतकें जाड असतें. शिरेंतून दिलेलें प्रत्येक औषध प्रथम त्यालाच भेटतें. औषध जंतूंना मारतें कीं नाहीं हें आपण आवर्जून विचारतों. वाटेंतल्या शिरेला तें मानवतें कीं नाहीं, हें विचारण्याचें कोणास सुचत नाहीं. व्हिएन्ना येथील संशोधकांनीं १९९८ सालीं तें विचारलें. पेशी प्रतिजैविकाच्या द्रावणांत ठेवून त्यांतील एटीपी, म्हणजे पेशीची खर्चाची पुंजी, किती उरली तें त्यांनीं मोजलें. व्हँकोमायसीनच्या दाट द्रावणांत ती पुंजी घटली. टायकोप्लॅनिन त्या मानानें पेशींना पुष्कळच मानवलें.

बशी म्हणजे माणसाचा हात नव्हे, ही शंका रास्तच आहे. बशींत द्रावण जेथल्या तेथें राहतें. शिरेंत वाहतें रक्त त्याला पातळ करीत जातें. पण त्यांतूनच औषध देण्याची रीत समजते. व्हँकोमायसीन एका मिलिलिटरला ५ मिलिग्रॅमहून दाट करूं नये व तासाभराहून कमी वेळांत देऊं नये, असा सामान्य दंडक आहे. म्हणजे एका ग्रॅमला निदान २०० मिलिलिटर द्रावण हवें. हातावरच्या बारीक शिरेंत रक्ताचा ओघ थोडा, म्हणून तेथें जळजळही लवकर होते.

गेल्या पावसाळ्यांत आईच्या पायांत बाभळीचा कांटा मोडला, पाय सुजला आणि तिला शिरेंतून प्रतिजैविक सुरू झालें. दुसऱ्या दिवशीं मनगटावर तांबडी रेघ उमटली. सिस्टरनें विचारलें, “काकू, हात दुखत होता तर सांगितलं का नाही?” आई म्हणाली, “औषध हाय बाई, थोडं त जळजळ होईनच.” सिस्टरनें सुई काढून दुसऱ्या हाताला लावली व थेंब मंद केले. मीं आईला म्हटलें, पऱ्हाटीच्या बुडाशीं युरियाचा ढीग घातला तर झाड जळतें. तोच ओलींत विरला तर झाड पोसतें. हें तिला तत्काळ पटलें.

सोसणें हा आपल्याकडे, विशेषतः बायकांचा, मोठा गुण मानला जातो. पण शिरेच्या बाबतींत तो रोग्याच्या मुळावर येतो. कारण शीर बिघडल्याची पहिली बातमी बहुधा रोग्यालाच कळते. मुक्या पेशींना बोलतें करण्यासाठीं शास्त्रज्ञांना एवढा खटाटोप करावा लागला. ज्याला वाचा आहे त्यानें तरी जळजळ होतांच सांगावें.