दोन हजारांची खटखट

मेकॅनिकल कीबोर्ड म्हटलं की हल्ली एक ठराविक चित्र डोळ्यांपुढे येतं. अंधारी खोली, इंद्रधनुष्यासारखे पळणारे दिवे आणि कानावर भलामोठा हेडफोन चढवलेला एक गेमर. नाहीतर मग यूट्यूबवरची ती शौकीन मंडळी. वीस-वीस हजारांचा कीबोर्ड सुट्या भागांत मागवतात, एकेका स्विचला ब्रशने वंगण लावतात आणि तो किती गोड वाजतो ते माईक जवळ धरून आपल्याला ऐकवतात. त्यांचं बरं आहे. आपला विषय तो नाही. आपला विषय म्हणजे फ्लॅटचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स आणि पेट्रोल वजा जाता जे काही उरतं त्यात बसणारा कीबोर्ड. म्हणजे दीड ते तीन हजार. त्याच्या वर गेलं की घरात स्पष्टीकरण द्यावं लागतं.

आणि खरं सांगू का, हा आवाज आपण लहानपणापासून ऐकत आलोय. मेडिकलच्या दुकानात काउंटरमागचा माणूस औषधाचं नाव हाणतो तेव्हा जो खाड-खाड आवाज येतो ना, तोच. चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचा 'गोल्ड' नावाचा काळा, जाडजूड, अजिबात न चमकणारा कीबोर्ड. जर्मनीच्या चेरी कंपनीचे निळे स्विच आत घालून तो कित्येक वर्षं विकला जात होता, आणि तेव्हा त्याला कुणी 'गेमिंग' वगैरे म्हणत नव्हतं. २०१० साली रुपयाचं नवं चिन्ह आलं, त्यानंतर तेही बटणावर छापलेलं 'गोल्ड भारत' नावाचं मॉडेल आलं. जगभरातले शौकीन ज्या स्विचसाठी डॉलर मोजत होते, तो आपल्याकडे क्रोसिनची बिलं फाडत होता!

मला याची नीट ओळख झाली ती चाकणला. आमच्या कंपनीने तिथल्या एका कारखान्यात माल पाठवणीचं सॉफ्टवेअर बसवलं, तेव्हा मी दोन आठवडे गेटजवळच्या डिस्पॅच ऑफिसात बसून होतो. ऑफिस म्हणजे पत्र्याची एक खोली. एका बाजूला वजनकाटा, दुसऱ्या बाजूला ट्रकची रांग. तिथे डिस्पॅच बघणारे एक मामा होते, खेडकडचे. नव्या पीसीबरोबर आम्ही चपटे वायरलेस कीबोर्ड दिले होते. मामांनी तिसऱ्या दिवशी तो काढून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि जुना गोल्ड पुन्हा जोडला. बटणांवरची अक्षरं पुसून गेलेली, आकड्यांच्या बाजूचा चार आणि पाच तर अगदी गुळगुळीत. मी विचारलं, "काय झालं मामा? नवा चालत नाही का?"

"चालतोय की. पण साहेब, त्येचा आवाज नाय. आकडा पडला का नाय ते कसं कळायचं? मी चलनाकडं बघू का स्क्रीनकडं?"

माणूस शंभर टक्के बरोबर होता. ई-वे बिलाचा नंबर बारा आकडी. गाडीचा नंबर, बिलाचा नंबर, वजन, हे सगळं कागदावरून बघून भरायचं. मागे एमएच १४ वाला ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलाय. अशा वेळी बोटाला जाणवलेली टिचकी आणि कानाला आलेली 'टिक' म्हणजे पोचपावती. ती मिळाली की पुढचा आकडा. स्क्रीनकडे बघायचं एकदाच, शेवटी. आम्ही स्क्रीनवर हिरवी टिकमार्क दाखवायला अख्खा एक स्प्रिंट घालवला होता, आणि मामांना ती खूण बोटाखालीच हवी होती.

आता थोडं तांत्रिक. (कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा, मी रागावणार नाही.)

साध्या कीबोर्डमध्ये प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे असतात, त्यांवर रबराचे फुगे. बटण पूर्ण तळापर्यंत दाबलं की फुगा बसतो, पापुद्रे चिकटतात आणि अक्षर उमटतं. स्वस्त, आणि आवाजही कमी. पण काही वर्षांनी रबर मरतं आणि बटणं चिखलात रुतल्यासारखी होतात. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो. त्यात एक दांडी, एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन पट्ट्या. बटणाचा पूर्ण प्रवास साधारण चार मिलिमीटरचा, पण जेमतेम अर्ध्यावरच काम होतं. निळा स्विच तिथे टिचकी देतो आणि वाजतो, तपकिरी नुसती टिचकी देतो, लाल काहीच न बोलता खाली जातो. ही रंगांची भाषा चेरीची. त्यांचा एमएक्स स्विच १९८०च्या दशकातला. पेटंटची मुदत संपल्यावर गेल्या दहा-बारा वर्षांत केल, गेटरॉन, आउटेमू अशा चिनी कंपन्यांनी तसेच स्विच ढिगाने बनवायला सुरुवात केली. आपल्या दोन हजारांच्या कीबोर्डचं रहस्य एवढंच.

मेकॅनिकल कीबोर्ड बोट न लावता विकत घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. रिव्ह्यू वाचून जोडे घेण्यासारखं आहे ते. सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत सुरू झाली, त्यामुळे आम्हा पिंपरी-चिंचवडकरांना आता पीसीएमसी स्टेशनला बसून थेट मंडईला उतरता येतं, आणि तिथून तापकीर गल्ली चालत. शनिवारी दुपारी गेलो. चार दुकानं पालथी घातली. तिसऱ्या दुकानदाराने वैतागून विचारलं, "टायपिंगची परीक्षा आहे का?" शेवटी ८७ बटणांचा, आकड्यांची वेगळी बाजू नसलेला, निळ्या स्विचचा एक घेतला. बावीसशे सांगितले, दोन हजारांत दिला. टीव्हीएस घ्यायचा मोह होता, पण आमच्या टेबलावर लॅपटॉप, चहा आणि बाबांची औषधं यांच्या मधे तो मावेना. शिवाय मला 'हॉट-स्वॅप' हवा होता, म्हणजे सोल्डरिंग न करता स्विच चिमट्याने उपटून बदलता येतो तो. स्वस्तातल्या कीबोर्डसाठी दिवे, सॉफ्टवेअर, ब्लूटूथ हे सगळं एकीकडे आणि हॉट-स्वॅप एकीकडे. एकच गोष्ट मागायची झाली तर ही मागा.

का, ते पाचव्या महिन्यात कळलं. आमच्या बिल्डिंगच्या समोर एक आणि मागे एक अशी दोन बांधकामं चालू आहेत. सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. ती धूळ स्विचमध्ये गेली आणि 'आर' दोनदा उमटायला लागला. पट्ट्या एकमेकींना टेकताना किंचित थरथरतात. काही मिलिसेकंदांपर्यंतची थरथर कीबोर्डचा प्रोग्राम गाळून टाकतो, पण पट्टी मळली की थरथर लांबते आणि एकाचे दोन होतात. कंपनीला मेल टाकला, तर उत्तर आलं की कीबोर्ड खोक्यासकट पाठवा, तीन आठवडे लागतील. मी पंचवीस रुपयांचा स्विच आणला, दोन मिनिटांत बदलला आणि कोड कंपाईल करायला टाकला. एक छोटी सूचना : स्वस्त बोर्डांत काही ठिकाणी फक्त आउटेमूसारखे बारीक पायांचेच स्विच बसतात. दुसरे ठोकून बसवायला जाऊ नका.

आवाजाचं काय? आवाज येतोच. टू-बीएचकेमध्ये रात्री साडेनऊच्या कॉलवर निळे स्विच म्हणजे पत्र्यावरचा पाऊस. ओहायोतल्या एका सहकाऱ्याने एकदा काळजीने विचारलं होतं, तुमच्याकडे गारा पडतायत का :) त्यामुळे कॉल चालू असताना म्यूट, आणि अकरानंतर लॅपटॉपचा गुपचूप कीबोर्ड. बाबांचा पहिल्या आठवड्यातला अभिप्राय : "दोन हजार देऊन टकटक विकत आणली."

आईने मात्र काहीच अभिप्राय दिला नव्हता. एका रविवारी दुपारी मी चहा करायला उठलो आणि आतून आवाज आला. माझ्यासारखा तीन बोटांचा, थांबत-थांबत येणारा नव्हे. एकसारखा. जाऊन बघितलं तर आई खुर्चीत ताठ बसलेली, मनगटं टेबलापासून वर उचललेली, नजर खिडकीबाहेर. स्क्रीनवर 'एएसडीएफ'च्या ओळीच्या ओळी.

"ह्याला दाब आहे," ती म्हणाली. "तुझ्या त्या लॅपटॉपला दाबच नाही. काचेवर बोटं आपटल्यासारखं वाटतं."

आईने चिंचवडच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये मराठी आणि इंग्रजी, दोन्हींच्या थर्टी-फॉर्टी दिल्या होत्या, हे मला माहीत होतं. मिनिटाला चाळीस शब्द. सर्टिफिकेटं कपाटात साडीखाली आहेत. लग्नाआधी आणि नंतरही ती भोसरीच्या एका छोट्या कंपनीत टायपिस्ट होती. यंत्र गोदरेजचं. गोदरेजने १९५५ मध्ये पहिला भारतीय टाईपरायटर बनवला, आणि शेवटी-शेवटी ते शिरवळला, आपल्या सातारा रस्त्यावर बनत होते, २००९पर्यंत. हे मी तिला सांगितलं. तिला त्यात फारसा रस नव्हता. तिने विचारलं, "मराठी येतं का ह्यात?"

मी माझ्या सवयीने फोनेटिक लावून दिलं. तिने दोन शब्द मारले, चेहरा वाकडा केला आणि हात मांडीवर ठेवले. फोनवरही ती बोलून लिहिते, आणि फोन तिच्या 'भिशी'चं दर वेळी भलतंच काहीतरी करतो. मग रेमिंग्टनची, म्हणजे टाईपरायटरचीच मांडणी शोधून लावली. बटणांवर अर्थात एकही मराठी अक्षर नाही. तिला ते लागलंच नाही.

आणि मग मी वीस मिनिटं नुसता उभा राहून बघत होतो. संगणकात 'कि' साठवताना आधी क, मग पहिली वेलांटी. आम्ही तसंच टाईप करतो. आई वेलांटी आधी मारते, कारण यंत्रावर ती अक्षराच्या डावीकडे असते, म्हणून आधी कागदावर पडते. 'ग', 'श', 'ण' अर्धे मारून पुढे काना देते, की झाले पूर्ण. म्हणजे आम्ही बोलतो त्या क्रमाने लिहितो आणि ती दिसतं त्या क्रमाने. पण सगळ्यात भारी म्हणजे ओळ संपत आली की तिचा डावा हात आपोआप वर जायचा, कॅरेजची दांडी ढकलायला. तिथे काहीच नव्हतं. हात हवेत जरासा थांबायचा आणि परत खाली यायचा.

मी गमतीत म्हटलं, "माझ्यासाठी नोकरी सोडली नसतीस तर आज हेडक्लार्क झाली असतीस." आमच्या घरात हे असंच सांगितलं जातं. मी झालो आणि आईने नोकरी सोडली.

"तुझ्यासाठी नाही रे सोडली," ती टाईप करता-करताच म्हणाली. "तुला आजी सांभाळत होतीच की. कॉम्प्युटर आणले त्यांनी. सगळं इंग्रजीत करायचं म्हणाले. मराठी पत्रं बंद. इंग्रजीला एक मुलगी होतीच, मग मला कशाला ठेवतील? दोन महिने फायली लावल्या, मग आपणहून बंद केलं."

ही गोष्ट १९९७-९८ची. तेव्हा सी-डॅकचं जिस्ट तंत्रज्ञान इथे पुण्यातच होतं. मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, तीही पुण्याचीच. संगणकावर मराठी छापलं जात होतं, टाईपरायटरच्या मांडणीसकट. भोसरीपासून पंधरा-वीस किलोमीटरवर. त्या कंपनीने घेतलं नाही, एवढंच. आईला हे मी सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा थांबली. "असं होय," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "खूप महाग असेल." आणि पुन्हा सुरू झाली.

मी या क्षेत्रात सहा वर्षं काढली. आम्ही रोज कुठल्या तरी डिस्पॅच ऑफिसात नवीन काहीतरी बसवतो आणि 'युजर ट्रेनिंग'ला अर्धा दिवस ठेवतो. मामांनी आमचा कीबोर्ड ड्रॉवरमध्ये टाकला, तेवढी त्यांची तिथे चालत होती. परवा एका मीटिंगमध्ये 'युजर रेझिस्टन्स' असा मुद्दा स्लाईडवर आला, तेव्हा मी जरा लांबलचक बोललो. मॅनेजरने ते 'ऑफलाईन घेऊ' म्हणून थांबवलं. असो.

सध्या रविवारी चार ते सहा कीबोर्ड आईकडे असतो. सोसायटीची पार्किंगची नोटीस, भिशीचा हिशेब, मामेबहिणीच्या केळवणाची यादी, सगळं तिच्याकडून टाईप होऊन येतं. पहिल्या दिवशी मोजलं तेव्हा मिनिटाला एकवीस शब्द होते, आता एकोणतीस आहेत. रात्रीच्या कॉलसाठी मी मधल्या दोन ओळींना लाल स्विच लावून बघितले, तर तिने दुसऱ्याच दिवशी विचारलं, "याची स्प्रिंग सैल झाली का?" चार कार्बन लावून ठोकलेल्या बोटांना लाल म्हणजे काहीच नाही. निळे परत बसवले.

मागच्या आठवड्यात तिने स्वतःसाठी वेगळा मागवायला सांगितला. पैसे तिने दिले, भिशीतले. घरखर्चाच्या वहीत नोंद आहे : 'यंत्र (एक) - रु. २,१५०.'